आवरणें : एका क्रियापदाचा विचार

वाकडसारख्या वस्तींत सकाळीं सातच्या सुमारास कोणत्याही जिन्यांत क्षणभर उभें राहिलें, तर बंद दारांआडून एकच क्रियापद पुनःपुन्हां ऐकूं येतें : 'आवर!' 'अजून तुझें आवरलें नाहीं?' 'आवर लवकर, गाडी येईल.' ही गाडी कोणाची शाळेची असते, कोणाची हिंजवडीकडे जाणारी कचेरीची असते. मुळेच्या कांठचें हें शेतकऱ्यांचें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें आणि आतां तेथें अनेक जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेलीं कुटुंबें एकावर एक रचलेल्या घरांतून राहतात. त्यांतील मराठी कुटुंबांत दिवसाचा पहिला मोठ्यानें उच्चारलेला शब्द बहुधा हाच असतो. आणि त्याचा अर्थ असतो, 'घाई कर.'

परंतु ह्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ नेमका उलट दिशेनें जातो. राग आवर, जीभ आवर, हात आवर, असें आपण म्हणतों तेव्हां 'थांब, पुढें जाऊं नकोस' एवढेंच सांगावयाचें असतें. जी आई सकाळीं मुलाला 'आवर' म्हणून पळावयास लावते, तीच रात्रीं ताटावर भावंडांचें भांडण पेटलें म्हणजे 'आवर' म्हणून त्याला थांबविते. एका शब्दानें माणसास हांकावयाचें व त्याच शब्दानें त्यास आवळून धरावयाचें, हा चमत्कार सहज घडलेला नाहीं. ह्या दोन अर्थांच्या तळाशीं एकच कल्पना आहे, आणि ती कल्पना आपल्या बोलण्यांतून हळूहळू निसटत आहे, असें वाटल्यावरून प्रस्तुतचा लेख लिहीत आहों.

मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं आली, आणि १९३२ पासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे विभाग प्रसिद्ध होऊं लागले. अशा कोशांची रीत अर्थांना क्रमांक देण्याची असते. कोशकाराला त्याशिवाय गत्यंतर नाहीं. पण क्रमांक पडले म्हणजे एका घरांत राहणाऱ्या अर्थांच्या मध्यें भिंती उभ्या राहतात. घर आवरणें निराळें, काम आवरणें निराळें, मन आवरणें निराळें, असें वाचकास वाटूं लागतें. बोलणाऱ्याच्या मनांत मात्र ह्या भिंती नसतात.

शब्दाचें मूळ पाहिलें तर हें अधिक स्पष्ट होईल. संस्कृतांतील 'वृ' धातूला 'आ' उपसर्ग लागून झाकणें, वेढणें, कवेंत घेणें हा अर्थ सिद्ध होतो. 'आवरण' हा शब्द त्यांतलाच. 'निवारण' व 'संवरण' हीं त्याच धातूचीं भावंडें. आणि 'संवृ' वरून आलेलें 'सावरणें' हें तर आपल्या 'आवरणें'चें जुळें भावंडच म्हणावयास हरकत नाहीं. ह्या धातूंत अडविण्याचें चित्र नाहीं, मारण्याचें तर नाहींच नाहीं. पसरलेलें जें आहे तें गोळा करून आपल्या वेढ्यांत आणावयाचें, असें हें चित्र आहे. संध्याकाळीं रानांतलीं गुरें गोठ्याकडे वळवितात त्या क्रियेसारखें तें आहे.

आतां सकाळची घाई व रात्रीचा राग हे दोन्ही ह्या चित्रांत कसे बसतात तें पाहावें. मुलाचें दप्तर एका खोलींत, मोजा दुसऱ्या खोलींत, लक्ष खिडकीबाहेर. हा सर्व पसारा एकत्र गोळा करून दाराशीं उभें राहणें म्हणजे 'आवरणें'. रागावलेल्या माणसाचेंही तसेंच असतें. त्याचा आवाज घराबाहेर गेलेला असतो, हात हवेंत असतो, जीभ दहा वर्षांपूर्वींच्या गोष्टींत शिरलेली असते. राग हा सुद्धां एक पसाराच आहे. तो गोळा करून आपल्या जागीं आणणें म्हणजे राग आवरणें. यांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, घर आवरणारी बाई वस्तू फेकून देत नाहीं. ती भांडें फळीवर ठेवते, चादर घडी करून ठेवते. त्याचप्रमाणें राग आवरणारा माणूस राग नाहींसा करीत नाहीं; त्याला जागा नेमून देतो. 'निग्रह' ह्या शब्दांत पकडून धरणें आहे, 'दमन' ह्यांत वश करून माणसाळविणें आहे. दोहोंतही कोणी एक जिंकतो आणि कोणी एक हरतो. आवरण्यांत कोणीच हरत नाहीं. म्हणूनच घरांत बोलावयाचा हा शब्द आहे. आश्रमांतला किंवा रणांगणावरचा नव्हे.

आणखी एक विशेष आहे. आवरावयाचें तें काय, हें मराठी बहुधा नांव घेऊन सांगते. तोंड आवर, जीभ आवर, हसूं आवर, हुंदका आवर, खर्चाचा हात आवरता घे. 'स्वतःला आवर' असेंही आपण म्हणतों. परंतु ज्याला सांगावयाचें त्याला नेमका अवयव किंवा नेमकी भावना दाखवून दिली, तर त्याचें काम सोपें होतें. सगळा माणूस आवरावयाचा म्हटला म्हणजे तो भांबावतो. जीभ आवरावयाची म्हटली तर एक लहानसें काम त्याच्या हातीं येतें.

ह्या क्रियापदाच्या व्याकरणांतही पुष्कळ अनुभव सांठविलेला आहे. 'मीं हसूं आवरलें' येथें कर्ता मी आहे व जय माझा आहे. 'मला हसूं आवरेना' येथें मी कर्त्याच्या आसनावरून उतरलों व चतुर्थींत जाऊन बसलों. सत्ता हसण्याच्या हातीं गेली. आवरेना, आवरत नाहीं, आवरलें नाहीं, अनावर झालें, असे नकारी प्रयोग किती तरी आहेत. झोप अनावर होते, दुःख अनावर होतें, गर्दी अनावर होते. उलट 'मला हसूं आवरतें' असें होकारानें सांगणारा माणूस क्वचितच भेटेल. 'राहवणें' ह्या क्रियापदाचें तर होकारी रूपच नाहीं म्हटलें तरी चालेल. 'मला राहवलें नाहीं' असें प्रत्येकजण म्हणतो. 'मला राहवलें' असें कोणी म्हटलेलें आमच्या ऐकण्यांत नाहीं. याचा अर्थ मराठी माणसाला संयम जमतच नाहीं असा करणें अन्यायाचें होईल. ज्यानें आवरलें तो त्याची वार्ता सांगत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. संयम सफल झाला कीं मुका होतो. फसला तरच त्याला वाचा फुटते. भाषेनें ही सभ्यता आपल्या व्याकरणांतच पाळली आहे.

अर्थात् ह्या नकाराचा गैरवापरही होतो, आणि त्याबद्दल पहिला दोष आम्हां परीक्षणकारांकडे येतो. 'येथें एक उतारा देण्याचा मोह आवरत नाहीं' हें वाक्य मराठी परीक्षणांत इतक्या वेळां येऊन गेलें आहे कीं, त्यांतील मोहही खरा राहिला नाहीं व आवरण्याचा प्रयत्नही खरा राहिला नाहीं. ज्याला मोह खरोखर अनावर होतो तो उतारा देऊन टाकतो. परवानगी मागत बसत नाहीं. जी कबुली देण्यांत कांहींच लाज वाटत नाहीं ती कबुली नसून अलंकार असतो. नाणें फार हातांतून फिरलें म्हणजे त्यावरचा छाप पुसट होतो, तसें ह्या क्रियापदाचें साहित्यिक वर्तुळांत झालेलें आहे.

आवरण्याच्या शेजारीं दुसरें एक क्रियापद बसतें, तें 'सोडणें'. त्याची तऱ्हा अजब आहे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो. त्याच्या आधीं आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी करून पुष्कळ घरांतून कांदा, लसूण, वांगें हीं 'सोडतात'. येथें सोडणें म्हणजे संयमाचा आरंभ. पण दिवसभर उपास करून संध्याकाळीं तो 'सोडला', तर तेथें सोडणें म्हणजे संयमाचा शेवट. वांगें सोडलें म्हणजे व्रत लागलें. उपास सोडला म्हणजे व्रत सुटलें. ज्यांनीं वांगें सोडलेलें असतें त्यांच्यापैकीं अनेकजण मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवून तें पुन्हां 'धरतात' असें मात्र आपण म्हणत नाहीं, 'खातात' म्हणतों. धरावयाचें तें व्रत, मौन, धीर किंवा उपास. शेजारचे मुसलमान कुटुंब रोजा धरतें व सूर्यास्तानंतर सोडतें, तेथेंही मराठींत हीच जोडी चालते. वस्तूच्या बाजूनें पाहिलें तर संयम म्हणजे सोडणें, आणि व्रताच्या बाजूनें पाहिलें तर संयम म्हणजे धरणें. एक हात मोकळा झाल्याशिवाय दुसरी वस्तू धरतां येत नाहीं, ही साधी गोष्ट ह्या दोन क्रियापदांनीं बांधून ठेविली आहे.

ह्याच प्रदेशांत, देहू व आळंदी यांच्या सावलींत, तिसरा एक प्रयोग रूढ आहे. 'त्यानें माळ घातली' असें म्हणतात, आणि ऐकणाऱ्यास लागलींच समजतें कीं, त्या माणसानें मद्यमांस वर्ज्य केलें, एकादशी धरली आणि पंढरीची वाट पत्करली. वाक्यांत त्यागाचा शब्दही नाहीं. काय सोडलें तें सांगितलें नाहीं. काय अंगावर घेतलें तेवढेंच सांगितलें. देहूची पालखी दर वर्षीं ज्येष्ठांत निघते आणि आकुर्डीस मुक्काम करून पुण्याकडे जाते. त्या वेळीं कारखान्यांच्या ह्या पट्ट्यांतील कामगार रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहतात, त्यांत माळकरी किती व बिनमाळेचे किती हें कोणी मोजीत नाहीं. परंतु माळ घालणें ह्या शब्दांत संयमाला जो भूषणाचा अर्थ दिलेला आहे, तो दोघांनाही कळतो.

'वर्ज्य' ह्या शब्दाकडेही ह्याच दृष्टीनें पाहावें. भूप रागांत मध्यम व निषाद वर्ज्य आहेत, मालकंसांत ऋषभ व पंचम वर्ज्य आहेत. हे स्वर गायकाला येत नाहींत म्हणून वर्ज्य नाहींत, आणि ते वाईट आहेत म्हणूनही नाहींत. ते सोडले म्हणूनच भूपाला भूपाचा चेहरा आला. मैफलींत कोणीही पहारेकरी उभा नसतो. मध्यमाचा स्वर हाताशीं असूनही गायक तेथें जात नाहीं, एवढ्यावर सारी इमारत उभी असते. स्वेच्छेचा संयम म्हणजे काय, हें मुलांस समजावून सांगावयाचें तर एखादें प्रवचन ऐकविण्यापेक्षां भूप ऐकविणें अधिक सोयीचें पडेल.

येथें कोणी विचारील कीं, ज्याला आवरावें लागतें तो माणूस खरा संयमी कसा म्हणावा? हा आक्षेप जुना आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागांत दोन प्रकारचीं माणसें निराळीं केलीं आहेत. एकाला वाईट इच्छा होतात, पण तो त्यांना बळी पडत नाहीं. दुसऱ्याला त्या इच्छाच होत नाहींत. त्यानें दुसऱ्यास वरचें स्थान दिलें. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतही उपाशी माणसापासून विषय दूर होतात, गोडी मात्र मागें उरते, असा भेद केलेला आहे. ह्या मोजपट्टीनें आवरणारा माणूस खालच्या पायरीवर बसतो, हें आम्ही मान्य करतों. परंतु ज्याला राग येतच नाहीं अशा पुरुषाच्या शेजारीं आपण राहत नाहीं. आपण राहतों ते राग येणाऱ्या, हांव सुटणाऱ्या, रडूं कोसळणाऱ्या माणसांत; आणि सामाईक भिंत, सामाईक जिना व सामाईक पाणी असलेल्या इमारतींत त्यांच्या आवरण्यावरच आपलें सुख अवलंबून असतें. विरक्तीचे शब्द मराठींत विपुल आहेत. गृहस्थाश्रमाच्या संयमाला इतका नेमका शब्द हा एकच आहे.

ह्या शब्दाची जागा घेऊं पाहणारे दुसरे शब्द तपासले म्हणजे त्याची किंमत कळते. सरकारी पत्रकांत 'अमुक गोष्टीपासून परावृत्त व्हावें' असें लिहितात. परावृत्त होणें म्हणजे माघारें वळणें. तेथें वाट बदलली, मनांतला पसारा होता तेथेंच राहिला. 'टाळणें' हेंही वेगळें. टाळणारा प्रसंगाच्या बाजूनें निघून जातो. आवरणारा प्रसंगांत उभा असतो. वर्तमानपत्रांत 'तटस्थ' हा शब्द फार चालतो. मार्च २०२२ मध्यें युक्रेनच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत मतदान झालें तेव्हां भारत तटस्थ राहिला. तें धोरण योग्य कीं अयोग्य हा येथला विषय नव्हे. शब्दाचा अर्थ मात्र पाहण्यासारखा आहे : तटस्थ म्हणजे कांठावर उभा असलेला. कांठावरच्या माणसाचे पाय ओले झालेले नसतात. आवरणारा माणूस पाण्यांत असतो, ओढ त्याला जाणवत असते, आणि तरीही तो वाहून जात नाहीं.

आतां राहिला 'कंट्रोल'. हा शब्द आज मराठी घरांतून सर्रास ऐकूं येतो, आणि परका म्हणून त्याला हांकलून द्यावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. टेबल, पेन्सिल, स्टेशन यांना आपण घरांत घेतलें तसा तोही येऊं शकतो. पण तो प्रथम आला तो कोणत्या रूपानें हें विसरूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत धान्य, साखर, कापड यांवर निर्बंध आले, आणि 'कंट्रोलचें धान्य', 'कंट्रोलचें दुकान' असे शब्द आपल्या आजोबा-आजींच्या तोंडीं बसले. कंट्रोल म्हणजे सरकारनें वरून बसविलेली मर्यादा. तिच्यापुढें रांग लावावयाची, तिच्याबद्दल कुरकुर करावयाची, आणि जमल्यास ती चुकवावयाची. तोच शब्द आपण आपल्या मनाला लावतों तेव्हां मनाचाही एक सरकारी अधिकारी होतो आणि आपणच त्याच्यापुढें रांगेंत उभे राहतों. हिंदीच्या वळणानें आलेलें 'मी स्वतःला रोखूं शकलों नाहीं' हें वाक्यही त्याच जातीचें. त्यांतला 'स्वतः' हा जणूं रस्त्यावरून धांवणारा कोणी तिसराच माणूस आहे.

ह्यानें काय बिघडलें, असें तरुण वाचक विचारतील. त्यांस उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांच्या पत्नी वारल्या. तिसऱ्या दिवशीं आम्ही चार माणसें त्यांच्याकडे बसलों होतों. ते शांतपणें बोलत होते आणि बोलतां बोलतां एकाएकीं त्यांचा कंठ दाटला. शेजारचा एक तरुण तेथें होता. मुलगा फार गुणाचा. आजारपणांत रात्रीं-अपरात्रीं धांवून आला होता तो हाच. त्यानें त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलें, 'काका, कंट्रोल करा.' वृद्धांनीं चटकन् डोळे पुसले, ताठ बसले आणि म्हणाले, 'सॉरी.'

त्या मुलाच्या मनांत दयेशिवाय कांहीं नव्हतें, हें आम्ही शपथेवर सांगूं. पण त्याच्या हातीं जो शब्द होता त्यानें शोक करणाऱ्या माणसास गुन्हेगार ठरविलें आणि त्याच्याकडून माफी मागविली. कोपऱ्यांत बसलेल्या एका प्रौढ बाई थोड्या वेळानें म्हणाल्या, 'सावराल हो हळूहळू.' तेवढ्यानें वृद्धांचे खांदे सैल झाले. मराठींत रागावलेल्या माणसाला 'आवर' म्हणतात व पडूं पाहणाऱ्याला 'सावर' म्हणतात. आवरण्यांत बाहेर सांडणारें आंत घ्यावयाचें असतें; सावरण्यांत खालीं जाणारें वर धरावयाचें असतें. दोन्ही क्रियापदें एकाच धातूचीं, पण कोणाला कोणतें द्यावयाचें हें ज्याला कळतें त्याला अर्धा माणूसधर्म कळला. 'कंट्रोल' हा एकच शब्द दोघांना दिला कीं हा विवेक करण्याची गरजच उरत नाहीं. आणि जो विवेक करण्याची गरज उरत नाहीं तो पुढें करतांही येत नाहीं.

म्हणून आमची विनंती शब्दकोशांकडे किंवा सभासंमेलनांकडे नाहीं; ती घरांकडे आहे. सकाळीं 'आवर' म्हणावें, त्यांत कांहीं वाईट नाहीं. परंतु मुलगा चिडला म्हणजे, त्याला रडूं फुटलें म्हणजे, त्याला हसूं येऊं नये तेथें हसूं आलें म्हणजेही त्यानें हाच शब्द ऐकावा. दप्तर आवरणारा हात आणि राग आवरणारें मन हीं एकाच कामाला लागलेलीं आहेत, हें त्याला कोणी समजावून सांगावें लागणार नाहीं. भाषा तें आपोआप सांगेल. वाकडचें नांव मराठी कानाला वाकडेपणाची आठवण देतें, आणि एकमेकांच्या वाकड्यांत शिरावयास दाट वस्तींत कारणेंही कमी नसतात. तेथें हा शब्द जिन्याजिन्यांत बोलला जातो, हें सुचिन्हच आहे. त्याचा अर्धा अर्थ तेवढा सांभाळावयाचा आहे.

त्या वृद्ध गृहस्थांची दोन महिन्यांनीं पुन्हां भेट झाली. प्रकृति बरी होती, फिरावयास जाऊं लागले होते. घरांत सर्व नीटनेटकें होतें. एका बंद कपाटाकडे पाहून ते म्हणाले, 'सगळें घर आवरलें. तिचें हें कपाट मात्र अजून आवरवत नाहीं.' ह्या वाक्यांतील क्रियापदाला कोणता क्रमांक द्यावयाचा, तें कोशकारांनीं सांगावें.